लेकीला पियानोला घालायचंय, पण तासाला सोबत कोण बसणार?

सातवीगल्ली | 9 जून, रात्री 10:50

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं पिल्लू साडेपाच वर्षांचं, या महिन्यात मोठ्या गटात गेलं. मे महिन्यात पुण्याला नणंदेकडं गेलो होतो, तिथल्या डिजिटल पियानोपासून ही हलेना. आमरस वाढलाय म्हटलं तरी हलेना, म्हणजे बघा. एका बोटानं शाळेतली प्रार्थना शोधून काढली, चुकली की स्वतःच "अंहं" म्हणून परत पहिल्यापासून.

कोल्हापूरला परत आल्यावर ताराबाई पार्कातल्या एका मॅडमना भेटले. त्या शिकवायला तयार आहेत, पण अट अशी: आई किंवा बाबा, कुणीतरी एकानं प्रत्येक तासाला शेजारी बसायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि घरी रोज तिच्याबरोबर सरावाला बसायचं. वर पहिले तीन तास मुलीला नाही, पालकालाच शिकवणार! मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी बँकेत. महिनाअखेर म्हणजे घरी यायला किती वाजतील सांगता येत नाही. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. ह्यांचं म्हणणं, "यूट्यूबवर सगळं हाय की, आणि पोरगीला शिकवायचं तर बापाला कशाला बसवतीय ती बाई?" मला स्वतःला लहानपणी दोन वर्षं पेटीला घातलं होतं. त्यातलं आता बोटांच्या पेरांवर बसलेली पट्टी तेवढी आठवते. ती वाजवायची पट्टी नव्हे, लाकडी.

तर विचारायचंय ते असं. हे वय फार लहान आहे का? घरी खेळण्यातला छोटा कीबोर्ड आहे, तो चालेल का? आणि ज्या पालकाला काहीच येत नाही त्यानं शेजारी बसून करायचं काय?

उनाडपाखरू | 9 जून, रात्री 11:04

पोरीला पियानो, आईला पियानो, बापाला पियानो. फी एकाचीच ना? मग फायदाच आहे की वैनी. जाळ आन् धूर संगटच!

पंचगंगाघाट | 9 जून, रात्री 11:20

मला एक कळत नाही. कोल्हापुरात राहून पियानो? संगीताच्या देवल क्लबच्या गावात? अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते, त्या गावात आपण पोरांना परक्यांची वाद्यं शिकवायची. पेटी शिकवा, स्वस्त आणि मस्त. पाहुणे आले की भजनालाही उपयोगी.

काळीपांढरी | 10 जून, दुपारी 2:15

मी सोळा वर्षं पियानो शिकवते, त्यामुळे जरा लांब लिहिणार. (तुम्ही भेटलात त्या मॅडम मी नव्हे. पण अट माझीही तीच आहे.)

वय मी फक्त वाढदिवसाला फुगे लावायला विचारते. मुलाला टेबलावर पाची बोटं टेकवायला सांगते आणि म्हणते, फक्त अंगठ्याशेजारचं उचल. मग तिसरं. सगळा पंजाच वर आला तर अजून सहा महिने थांबा. माझ्याबरोबर आठ टाळ्या वाजव म्हणते. पाचव्यापासून मूल पळायला लागलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या वेळी ते स्वतःला आवरू शकतं का ते बघते. डावा-उजवा कळतो का, पाचपर्यंतचे आकडे ओळखतं का, आणि आवडीच्या कामात दहा मिनिटं बसतं का. साडेचार वर्षांच्या मुलांत हे सगळं सापडलंय, आणि सात वर्षांच्या काही मुलांत सापडलेलं नाही. तुमची लेक चुकलं की स्वतः "अंहं" म्हणते ना? मला पुढचं काही विचारायचं नाही.

आता वाद्य. खेळण्यातला कीबोर्ड चालणार नाही, आणि कारण किमतीचं नाही. पियानोत पट्टी दाबली की मागची नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागं येते. बोट हळू गेलं तर आवाज हळू, जोरात गेलं तर जोरात. 1700 च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं ही करामत साधली, म्हणून तर नावच पियानोफोर्ते, म्हणजे हळू-जोरात. पेटीत आवाजाचं लहानमोठेपण भात्यावर ठरतं, बोटावर नाही. खेळण्यातल्या कीबोर्डात ते कशावरच ठरत नाही, हातोडा घातला तरी तेवढाच आवाज. मुलाला सहा महिने त्यावर बसवलं की त्याचं बोट बहिरं होतं. निदान 61 पट्ट्यांचा, बोटाचा जोर ओळखणारा कीबोर्ड घ्या. दुकानात 'टच सेन्सिटिव्ह' म्हणा, कळतं त्यांना. वर्षभर टिकली तर मग 88 पट्ट्यांचा वजनदार पट्टीवाला डिजिटल पियानो. 52 पांढऱ्या, 36 काळ्या. चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो, म्हणून आधीच नको.

बसणं मात्र पहिल्या दिवसापासून नीट हवं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं पाहिजे, म्हणजे बैठक उंच लागते. आणि बैठक उंच केली की पाय लोंबकळतात. लोंबकळणाऱ्या पायांचं मूल खांद्यानं वाजवतं. पायाखाली काहीतरी घट्ट द्या. तळवा कसा? हातात बेसनाचा छोटा लाडू आहे आणि तो फुटू द्यायचा नाही, असा.

पालकानं करायचं काय, ते संध्याकाळी लिहिते. विद्यार्थी आला.

रमणमळा | 10 जून, दुपारी 3:40

खऱ्या पियानोच्या मोहात पडणार असाल तर आधी घर कुठल्या मजल्यावर आहे ते बघा. आमच्या चुलत्यांकडं तळमजल्यावर जुना उभा पियानो होता, मुंबईच्या कुणा पारशी कुटुंबाकडून घेतलेला. 2019 च्या ऑगस्टात पाणी वाढायला लागलं तेव्हा टीव्ही, गाद्या, तांदळाची पोती सगळं वर नेलं. दोनशे किलोच्या वर वजन, पियानो कोण उचलणार? चार दिवस पाण्यात. ओसरल्यावर बघितलं तर आतला डिंक सुटलेला, नमदा फुगलेला, तारांना गंज. पुण्याहून ट्यूनर बोलावला, त्यानं झाकण उघडलं आणि परत बंद केलं. डिजिटल अकरा-बारा किलोचा असतो. काखेत मारून जिना चढता येतो.

सातवीगल्ली | 10 जून, सायंकाळी 6:30

बापरे. आम्ही पहिल्या मजल्यावर, सध्या सुरक्षित!

काळीपांढरी ताई, संध्याकाळची वाट बघतेय.

पेटीवाले आजोबा | 10 जून, सायंकाळी 7:05

पंचगंगाघाट, तुमचा प्रतिसाद वाचून बसवेना. मी पेटीवाला. मंगळवार पेठेत पन्नास वर्षं भजनाला, नाटकाला, साथीला वाजवली. बाबा रे, पेटी तरी आपली कुठं? ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसात जन्मली, पायानं भाता मारायची. कोलकात्यात तिला मांडीपुढं बसवली, तेव्हा ती आपली झाली. आमच्या गोविंदराव टेंब्यांनी तिच्यातून जे काढलं ते काढल्यावर कोण विचारत बसलं पासपोर्ट?

पण मुलीच्या आईला एक सांगतो. पेटीवाल्या घरातलं मूल पियानोला गेलं की डावा हात रुसतो. आमच्यात डावा हात भात्याला, उजवा सुरांना. पियानोत दोन्ही हात कमावते. दुसरं, आमच्यात सा फिरता. आज गायकाचा सा काळी एक पट्टीवर, उद्या पांढरी चारवर. पियानोवाल्यांचा सी हा सूर म्हणजे आमची पांढरी एक, आणि तो तिथंच बसून राहतो. घरी कुणी हौसेनं "हा सा, हा रे" असं पट्ट्यांना शिकवू लागलं तर पोरीचा गोंधळ होईल. गळ्यानं सरगम म्हणा, पट्टीला मात्र मॅडम सांगतील तेच नाव ठेवा.

आणि पालकानं शेजारी बसायचं म्हणजे काही नवल नाही. आमच्या वेळी वस्तादांच्या घरी जायचं, शिकवणी दुसऱ्याची चालू असायची, आपण कोपऱ्यात. सहा-सहा महिने नुसतं ऐकायचं. कुस्तीची तालीम आणि गाण्याची तालीम, शब्द एकच आहे आपल्याकडं. गंगावेशीतल्या कुस्तीच्या तालमीत पोरगं घातलं की पहिल्या दिवशी त्याला कुणी कुस्ती देत नाही, आधी माती ओढायला लावतात.

काळीपांढरी | 10 जून, रात्री 9:30

आजोबा, डाव्या हाताचं अगदी खरं! माझ्याकडं पेटी करून आलेली मुलं पहिले दोन महिने डावा हात मांडीवरच ठेवून बसतात.

पालकाआधी एका जपानी माणसाबद्दल. शिनिची सुझुकी, 1898 चा जन्म. 1998 च्या जानेवारीत गेले, म्हणजे नव्व्याण्णव. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना. त्यांचा साधा प्रश्न होता की जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, ते कसं? अक्षरं शिकून नाही. आई बोलते, मूल ऐकतं, एकच शब्द शेकडो वेळा म्हणतं आणि कुणी त्याला नापास करत नाही. मग वाद्य तसंच का शिकवू नये? पद्धत व्हायोलिनसाठी बांधली, पुढं पियानोला आली. त्यात मुलाच्या आधी आई चार सूर शिकते. वाजवणारी होण्यासाठी नाही, तर मुलाला "मलाही दे" असं वाटावं म्हणून, आणि हे अवघड आहे हे आईच्या बोटांना कळावं म्हणून. मी पूर्ण सुझुकी पद्धत शिकवत नाही, वाचन लवकर सुरू करते. पण हा भाग उचललाय.

तर घरी काय करायचं. वहीत तीनच गोष्टी लिहा, तासात तेरा सांगितल्या तरी. घरी बसल्यावर पहिलं वाक्य "असं नाही, असं" हे नको, "मॅडमनी काय सांगितलं होतं गं?" हे हवं. ती दाखवेल. चूक दाखवली तरी आधी पूर्ण दाखवू द्या. मग तुम्ही वाजवा, आणि मुद्दाम चुका. तुमची चूक पकडण्यात मुलांना जो आनंद होतो तो चॉकलेटात नाही, आणि चूक पकडायला तिला बरोबर काय ते मनात ऐकावंच लागतं. फेऱ्या मोजायला चिंचोके घ्या: एका वाटीत पाच, एक फेरी झाली की एक चिंचोका पलीकडच्या वाटीत. वाटी रिकामी, सराव संपला. "आता आणखी एकदा" म्हणायचं नाही. हे तुम्हाला फार जड जाईल.

वेळ दहा मिनिटं, शक्य तर दिवसातून दोनदा, रोज. रविवारी तासभर बसून आठवड्याची उधारी फिटत नाही. वेळेपेक्षा जागा ठरवा: दूध झालं की पियानो, मग गृहपाठ. आणि तासाहून परत येताना ॲक्टिव्हावर बसून उजळणी घेऊ नका. पोरं मागं बसून रडत असतात, तुम्हाला हेल्मेटमुळं ऐकू येत नाही.

पाहुण्यांपुढं "वाजवून दाखव" हा प्रकार बंद. तिनं आपण होऊन दाखवलं तर ठीक.

डॉशेंगदाणा | 10 जून, रात्री 11:10

यात अजून कुणी "पियानोनं मेंदू तल्लख होतो" आणलं नाही याचं आश्चर्य आहे, म्हणून मीच आणतो आणि मीच मारतो. 'मोझार्ट परिणाम' म्हणून जे गाजलं तो 1993 चा प्रयोग 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. लहान मुलं त्यात नव्हतीच, वाजवणं नव्हतं, नुसतं ऐकणं. आणि जो काही फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटांत विरला. त्यावर लोकांनी पाळण्यात सीड्या लावल्या.

2004 चा एक जास्त नीट प्रयोग आहे. टोरांटोत सहा वर्षांची 144 मुलं, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाट्य, काहींना काहीच नाही. वर्षानंतर संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 7 गुणांनी वाढला, बाकीच्यांचा 4.3 नं. शाळेत गेल्यानं सगळ्यांचाच वाढतो, संगीतानं थोडा जास्त. एवढंच. गाणंवाल्या मुलांनाही तेवढाच फायदा, म्हणजे चाळीस हजार वाचले. आवडतंय म्हणून शिकवा, गणितासाठी नको.

पंचगंगाघाट | 11 जून, सकाळी 8:00

आजोबा, पासपोर्टचं मान्य. पण भजनाचा मुद्दा राहिलाच.

पेटीवाले आजोबा | 11 जून, सकाळी 8:25

भजनाला मी आहे की अजून.

बिंदूचौकातला | 12 जून, रात्री 12:35

झोप येत नाही म्हणून लिहितोय. इथं कुणी अपयशाची गोष्ट सांगितलेली नाही, ती माझ्याकडं आहे.

मुलगा सहा वर्षांचा असताना घातलं. शिक्षक चांगले होते, त्यांची काही चूक नाही. मीही रोज शेजारी बसायचो. पण कसा? मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून. चुकलं की पहिल्यापासून. एकदा तर "बरोबर येईपर्यंत दूध नाही" म्हणालो होतो. हे लिहिताना बोट अडतंय. त्याची आई आतून म्हणाली, "अहो, दूध कसलं बंद करताय," तर तिलाच दम दिला. दीड वर्षात लंडनच्या बोर्डाच्या पहिल्या परीक्षेला बसवलं, इनिशिअल म्हणतात ती. चांगल्या गुणांनी पास. प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. त्याच आठवड्यात त्यानं वाद्यावर चादर टाकली आणि परत काढली नाही. कीबोर्ड आता कपाटावर आहे, त्याच्यावर सतरंज्या.

आता तो चौदाचा आहे. फुटबॉल खेळतो, शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की घरात थांबत नाही. मी त्याचे सामने बघायला जातो. गंमत अशी की तिथं मी त्याला एकदाही "पास असा द्यायचा" म्हणालेलो नाही, कारण मला फुटबॉल कळत नाही. नुसता ओरडतो.

दीड वर्षात मी त्या कीबोर्डची एकही पट्टी दाबली नव्हती. काळीपांढरी ताईंचं "मुद्दाम चुका" वाचून परवापासून तेच डोक्यात आहे.

काळीपांढरी | 12 जून, सकाळी 7:10

बिंदूचौकातला दादा, सतरंज्या काढा. मुलाला काही बोलू नका. तुम्ही वाजवा.

उनाडपाखरू | 12 जून, सकाळी 9:45

च्यायला, मी टवाळी करायला आलो होतो.

पुण्यातलीकोल्हापूरकरीण | 14 जून, दुपारी 1:30

आम्ही माझ्या आईला बसवलं होतं, मुलाच्या आज्जीला. मराठी चौथी शिकलेली, पण तिचं एक होतं, तिला खरंच काही कळत नव्हतं. "हे काळं का दाबलंस? इथं हे पांढरं रिकामंच होतं की." त्याला समजावता समजावता पोरगा शिकला. पण एक सावधगिरी: आज्जी सराव चुकला तर मॅडमना सांगायची नाही, झाकून घ्यायची. चिंचोके स्वतःच पलीकडं टाकायची.

सातवीगल्ली | 7 जुलै, रात्री 9:15

मंडळी, खबर द्यायला उशीर झाला.

61 पट्ट्यांचा घेतला. पहिले दोन शनिवार मीच शिकले. डाव्या-उजव्या दोन्ही अंगठ्यांना 1 म्हणायचं आणि करंगळ्यांना 5, हे ऐकायला सोपं आहे. दोन्ही हात एकदम वाजवताना एक हात चढतो तेव्हा दुसऱ्याची बोटं उलट क्रमानं येतात आणि डोकं फिरतं. मला वाटत होतं लहानपणीचं काहीतरी आठवेल. खांदे आठवले. मॅडम शेजारी आल्या की माझे खांदे कानापर्यंत चढत होते. त्यांनी नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथं पट्टी नाही." मी त्यांना तसलं काही सांगितलेलंच नव्हतं.

तिसरा शनिवार नेमका महिनाअखेरचा. मला जमेना. ह्यांना म्हटलं तुम्ही जा. "मी? नखात ग्रीस हाय माझ्या." गेले. परत आले ते गप्प. जेवताना म्हणाले, "दोन काळ्यांच्या मधी माझं बोटच बसत न्हाई." रात्री बघते तर कीबोर्डवर वाकून व्हर्नियर लावून मापं घेतायत! पांढऱ्या पट्ट्या साडेतेवीस मिलिमीटरवर एक, एका सीपासून पुढच्या सीपर्यंत सात पट्ट्या, म्हणजे साधारण 165 मिलिमीटर. मग झोपलेल्या पोरीचा पंजा सरळ करून मोजला: अंगठा ते करंगळी 125. "म्हंजे पाच पट्ट्याच येणार तिला, सहा ओढून. बाईनी पाचच का दिल्यात ते आत्ता कळलं."

तिथून पुढचे सगळे शनिवार हेच जातात. मला कुणी विचारतही नाही.

काळीपांढरी | 7 जुलै, रात्री 9:40

व्हर्नियर! सोळा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं.

डॉशेंगदाणा | 7 जुलै, रात्री 10:05

नमुना एकच असला तरी मोजणी मान्य.

सातवीगल्ली | 11 सप्टेंबर, रात्री 11:30

मध्ये पंधरा दिवस गाडी रुळावरून घसरली. पोरीला आकड्यांवरून अक्षरांवर नेलं, रेषांवरचे ठिपके वाचायचे, तर ही बसेनाच. "पोटात दुखतंय." चिंचोके सोफ्याखाली फेकले. मी चिडले, आणि तोंडातून आलंच: "एवढे पैसे घालून..." वाक्य पुरं केलं नाही, पण तिनं ऐकलं होतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वाचन आठ दिवस बंद, तिला येतं तेच वाजवू दे, आणि तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. आठ दिवस न बोलता बसले. बँकेतल्या ऑडिटला एवढं थकले नव्हते. नवव्या दिवशी तीच म्हणाली, "आई, तो ठिपका काढ ना जो शिडीवर बसलाय."

गणपतीत सरावाचा प्रश्नच नव्हता. राजारामपुरीत राहणाऱ्यांना आगमन मिरवणुकीचं वेगळं सांगायला नको, खिडकीच्या काचा वाजत होत्या. ह्यांनी एका जोडणीतून दोन हेडफोन निघतील अशी दुफाटी वायर आणली. बाप-लेक दोघं कानाला लावून बसले, बाहेर दणदणाट, आत त्यांचं काय चाललंय मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती चार हातांची बोटं दिसत होती.

आणि पायाखालच्या पाटाचं सांगायचं राहिलं. आधी दोन पाट एकावर एक ठेवले होते, ते सरकायचे. मग ह्यांनी वर्कशॉपमध्ये स्वतः एक पायठाण बनवलंय. वर-खाली होणारं. कीबोर्डपेक्षा जड आहे. फोटो टाकते.

रमणमळा | 12 सप्टेंबर, सकाळी 7:50

हे पुरात वाहून जाणार नाही.

पुण्यातलीकोल्हापूरकरीण | 12 सप्टेंबर, सकाळी 10:20

अगं विकत द्याल का? इथं असलं मिळतं पण परदेशी, आणि किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. मापं तरी सांग, इथल्या कुणाकडून करून घेईन.

बिंदूचौकातला | 12 सप्टेंबर, दुपारी 4:00

मलाही मापं हवीत. माझ्यासाठी नाही हो, माझे पाय पोचतात. धाकटी पुतणी यायला लागलीय रविवारी. सतरंज्या काढल्या होत्या जूनमध्येच. मोठा अजून जवळ येत नाही, पण परवा आतून ओरडला, "बाबा, डावा हात उशिरा येतोय."

लेथमास्तर | 12 सप्टेंबर, रात्री 10:10

नमस्कार. सातवीगल्ली यांचा मी नवरा. मराठी टायपिंगला वेळ लागतो, समजून घ्या.

मापं: बसायचं स्टूल 22 इंच आहे आमचं. पोरगीची मांडी सपाट राहून पाऊल टेकायला पायठाण 11 इंचावर पाहिजे. आता ती वाढणार, पाय लांब होणार, म्हणजे पायठाण खाली यायला पाहिजे. म्हणून 6 ते 12 इंच ठेवलंय. मधी एकच स्क्रू, चौकोनी आट्याचा, हँडल फिरवलं की वर-खाली. वरची फळी 16 बाय 12 इंच, मरीन प्लाय. सांगाडा दीड इंची अँगल. एकूण 14 किलो भरलं. हलकं करता आलं असतं, पण मटेरियल पडून होतं आणि हलकं असतं तर ती लाथेनं सरकवते.

पैशाचं बोलू नका. उद्यमनगरात या, चहा घ्या, मग बघू. पुण्याच्या ताईंचं एसटीच्या पार्सलनं जाईल.

करून घेणाऱ्यांनी खाली चार रबरी बूच लावायचे विसरू नका, फरशीवर ओरखडा पडतो. आमच्यात पडलाय एक वीतभर. आईला आणि हिला अजून माहीत नाही, वर पायपुसणं टाकून ठेवलंय.

सातवीगल्ली | 12 सप्टेंबर, रात्री 10:13

मी इथंच शेजारच्या खोलीत आहे. कुठं पडलाय ओरखडा?